मशीन हँग, माउस चालू

कॉम्प्युटर धाडकन बंद पडला तर मला एवढं काय वाटत नाही. बंद पडला म्हणजे काहीतरी तुटलंय, जळलंय नाहीतर लाईट गेलीय, कुठंतरी हात घालायला जागा आहे. निळा स्क्रीन आला तरी चालतंय, तो निदान दोन ओळी लिहून तरी जातो. पण हँग हा प्रकार लई वाईट. टाइमलाइनवर क्लिप जिथल्या तिथं, खाली टास्कबार, आत पंखे फिरतायत, लाईट लुकलुकतायत, आणि मशीन घरातल्या माणसानं अबोला धरावा तसं नुसतं बसून. काय झालं ते सांगत पण नाही, आणि रिसेट दाबला की जसं काय घडलंच नाही अशा थाटात परत सुरू.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. त्यात फुटबॉलचा सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवरच्या मॅचच्या हायलाइट्स पण करून देतो, आणि आपल्याकडं लगीनसराई आणि फुटबॉल एकाच वेळी अंगावर येतात हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. नवरीकडची मंडळी आठ-पंधरा दिवस थांबतात, तेवढी माणुसकी त्यांच्यात असते. पाटाकडील-दिलबहारची मॅच असली की मात्र संध्याकाळी शिट्टी वाजली आणि रात्री जेवायच्या आत गोल मोबाईलवर दिसला पाहिजे, नाहीतर पेठेतली पोरं थेट दारात. मशीन जुनं, नवव्या जनरेशनचा आय फाइव्ह, आणि त्यात जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. बिचाऱ्यानं लई वर्षं काम केलं. पण आता शूटिंगवाले सगळं फोर-केमध्ये करून आणतात, दाविंची ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिपांवर कलर लावून नॉइज काढायला गेलं की 'जीपीयू मेमरी फुल' म्हणून पाटी येते. म्हणून आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीवालं, तीन पंख्यांचं. हे कार्ड २०२१ ला आलेलं, म्हणजे काय अगदी कालचं नव्हे, पण एडिटिंगवाल्याला गेमवाल्यासारखा फ्रेमचा हव्यास नसतो, मेमरी लागते.

बसवलं, ड्रायव्हर टाकला, पहिला रेंडर, म्हणजे एडिट केलेल्याची तयार फाइल काढणं, निम्म्या वेळेत झाला, घरात सगळ्यांना बोलवून दाखवला. आणि दुसऱ्या दिवशी हँग.

मग कधी रेंडरच्या मधी, कधी नुसतं यूट्यूब चालू असताना. कधी दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी लागोपाठ. ह्यातच खरा वैताग असतो. दर वेळी एकाच ठिकाणी अडकलं असतं तर तिथं जाऊन बघता आलं असतं, ह्याला वेळ नाही काळ नाही.

सल्ल्याला आपल्या गावात कधी तोटा नसतो. राजारामपुरीतल्या दुकानदारानं फोनवरच निकाल दिला, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, कमी पडतोय, ६५० वॉटचा घ्या. एका फोटोग्राफर मित्राचं म्हणणं, कार्डच डिफेक्टिव्ह, वॉरंटीत परत दे. एक जण म्हणाला विंडोज नव्यानं मार, हा तर आपल्याकडं अंगारा झालाय, काहीही झालं की विंडोज मारायची. आणि सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट कॉमन, काल कार्ड आलं, आज हँग सुरू झालं, म्हणजे कार्डच. तसं बघितलं तर ह्यात चूक पण काही नाही, जे बदललं तिथनंच शोधायला सुरुवात करावी लागते. फक्त कार्ड आत जातं तेव्हा एकटं कार्डच बदलत नाही. वीज जास्त ओढली जाते, आतली गरमी बदलते, जुना ड्रायव्हर जाऊन नवा येतो, मदरबोर्डावरच्या स्लॉटवर वजन येतं, कॅबिनेटमधली जागा कमी होते. म्हणजे 'कार्डामुळं' ह्या एका शब्दात चार-पाच वेगवेगळे संशयित असतात.

ड्रायव्हरचं आधी उरकलं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. नेट काढून सेफ मोडमध्ये गेलो, डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून जुन्या-नव्या ड्रायव्हरचा सगळा पाला झाडून काढला आणि मग कोरा ड्रायव्हर टाकला. नेट काढायचं कारण असं की ते चालू ठेवलं तर विंडोज अपडेट मधल्या मधी स्वतःच्या मनानं एक ड्रायव्हर घालून बसतं. टेंपरेचर बघितलं, रेंडर चालू असताना कार्ड सत्तरीच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. हँग काय थांबलं नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, लॉग. तिथं लाल अक्षरात 'कर्नल-पॉवर ४१'. हा ४१ बघून किती लोकांनी नवीन एसएमपीएस विकत घेतले असतील देव जाणे, नावातच पॉवर आहे ना! प्रत्यक्षात ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं. तो लिहिला जातो पुढच्या वेळी चालू होताना. रिसेटचं बटन तुम्ही स्वतः दाबलं तरी ४१ येतो. मला हवं होतं ते ४१ च्या आधीचं, हँग झालं त्या मिनिटाचं, आणि तिथं काहीच नाही. एक ओळ नाही. शेवटची नोंद कुठल्यातरी फालतू सर्व्हिसची, मग थेट ४१. ही रिकामी जागा बघून मी लॉग बंद केला, उपयोग नाही म्हणून. त्या रिकाम्या जागेकडं परत येतो.

एसएमपीएसचा विषय मात्र डोक्यातनं जाईना. ३०६० ला एनव्हिडिया ५५० वॉटचा सप्लाय घ्या म्हणून सांगते, माझ्याकडं ४५० चा. जुन्या १०५० टीआयला ७५ वॉट लागायचे, ते नुसत्या स्लॉटमधनं मिळायचे, वेगळी वायरसुद्धा नव्हती. नव्याला १७० लागतात आणि ८ पिनची वायर वेगळी. म्हणजे संशयाला जागा होतीच. पण सहा-सात हजार घालायच्या आधी उद्यमनगरातल्या मित्राला बोलावलं, त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, कॉम्प्युटरातलं त्याला शून्य कळतं पण विजेतलं सगळं. त्यानं कॅबिनेटच्या आत टॉर्च मारून एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचलं. मी आजवर त्यावरचा मोठ्या अक्षरातला ४५० तेवढा बघितलेला.

"मर्दा, ४५० चं सोड. १२ व्होल्टाच्या लायनीवर किती हाय ते बघ."

प्लस १२ च्या खाली ३६ अँपिअर. १२ गुणिले ३६, म्हणजे ४३२ वॉट.

"कार्डाला किती म्हटलास? १७०. प्रोसेसरला? ६५. मग काय नवीन घ्यायला निघालाईस?"

आणि हे तुम्ही पण एकदा आपापल्या मशीनला बघा, कारण लेबल सगळ्यांचं एवढं चांगलं नसतं. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या ४५० च्या डब्यावर १२ व्होल्टसमोर १६-१८ अँपिअरच लिहिलेलं असतं, म्हणजे जेमतेम २०० वॉट, बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनीवर दाखवून बेरीज मोठी केलेली. आजच्या मशीनचं सगळं खाणं १२ व्होल्टवर असतं. तसला डबा असता तर मित्रानंच बदल म्हटलं असतं.

तेवढ्यावर तो थांबला नाही. कोल्हापुरातला कारागीर नुसतं वाचून समाधान मानत नाही, शंभर वर्षांपूर्वी इथं बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरी घडवला, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ उभा आहे, ती हवा अजून आहे उद्यमनगरात. त्यानं एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीवरचं वरचं वेष्टन सोलून आतल्या तीन वायरी सुट्ट्या केल्या आणि फेजच्या एकट्या वायरीभोवती क्लॅम्प मीटरचा चिमटा लावला. अख्ख्या वायरीला लावला तर शून्य दाखवतो, जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकाला मारतात. मग मला म्हणाला, लाव तुझा रेंडर. आकडा १.२ अँपिअरच्या आसपास नाचत राहिला. २३० व्होल्टनं गुणलं तर पावणेतीनशे वॉट, ते पण भिंतीतनं ओढलेले, स्क्रीन वेगळा. आता कोणी म्हणेल की कार्ड मिलिसेकंदासाठी झटका मारून जास्त ओढतं ते ह्या मीटरला दिसत नाही, खरं आहे, नाही दिसत. पण सप्लाय त्या झटक्याला दमला तर बहुतेक वेळा मशीन खटकन बंद होतं नाहीतर रिस्टार्ट होतं, असं पंखे फिरवत बसत नाही. अर्थिंग पण तपासलं त्यानं, बरं होतं. चहा पिऊन गेला. त्याच्यासमोर एकदा पण हँग झालं नाही, ते तर ठरलेलंच असतं.

पुढचं खरं काम भाचीनं केलं. ती बारावीला, अभ्यासाच्या नावाखाली गेम खेळायला माझ्याकडं येते. एका संध्याकाळी ती बसलेली असताना मशीन हँग झालं, मी सवयीनं रिसेटकडं हात नेला.

"थांब की मामा. माउस हलालाय अजून."

खरंच हलत होता. आणि मागं लावलेलं गाणं चालूच होतं. तिनं कॅप्स लॉक दाबलं, कीबोर्डवरची लाईट लागली, परत दाबलं, गेली. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं, ह्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर रिसेट होतो, तर स्क्रीन क्षणभर काळा होऊन बीप वाजला आणि चित्र परत आलं. म्हणजे कार्ड जिवंत, ड्रायव्हर जिवंत, प्रोसेसर जिवंत. मग मेलंय कोण? स्टार्ट मेनू उघडेना. टास्क मॅनेजर उघडेना. उघडा असलेला फोल्डर वर-खाली सरकत होता, पण आतल्या फाइलवर क्लिक केलं की ती खिडकी पण पांढरी. थोड्या वेळानं गाणं थांबलं, मग घड्याळ, मग एकदाचा माउस. आम्ही हात न लावता बसून राहिलो तर शेवटी निळा स्क्रीन आला, 'क्रिटिकल प्रोसेस डाइड', आणि खाली माहिती गोळा करतोय म्हणून टक्केवारी दाखवतात ती शून्यावरच. पाच मिनिटं शून्य. "मी पाणी पिऊन आलो," म्हणून भाची आत गेली, परत आली तरी शून्य.

मला इथं जे म्हणायचंय ते हेच, की हँग झालं ही एक घटना नसते. आत एकेक जण क्रमानं जात असतो आणि आपण पहिल्याच सेकंदाला रिसेट दाबून ती रांग मोडतो. मला कामाची घाई, त्यामुळं शेवटपर्यंत बसून बघायची कधी वेळच आली नाही, तिला काय, गेम तसाही गेलेलाच.

कार्ड अडकलं असतं तर ही रांग वेगळी दिसली असती. विंडोज कार्डाला उत्तर द्यायला २ सेकंद देतं, नाही दिलं तर ड्रायव्हर मारून परत उठवतं, स्क्रीन काळा होऊन येतो आणि लॉगमध्ये ४१०१ नंबरची नोंद पडते. तिथं आधी चित्र गोठतं, आवाज मागनं चालू राहतो. रॅम खराब असेल तर निळे स्क्रीन येतात आणि दर वेळी नाव वेगळं. माझ्याकडं जे आधीच मेमरीत होतं ते चालत होतं, आणि जे डिस्कवरनं आणायला लागणार होतं ते सगळं मरत होतं. निळा स्क्रीन शून्यावर अडकला कारण तो जे लिहून ठेवणार ते डिस्कवरच लिहिणार. आणि लॉगमधली ती रिकामी जागा? लॉग पण डिस्कवरच असतो की. साक्षीदारच गायब होता, मग नोंद करणार कोण.

आता मागं वळून बघितलं तर एक खूण आणखी होती. कधीकधी रिसेट दाबल्यावर विंडोज न येता काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस मिळत नाही म्हणून ओळ यायची. पूर्ण बंद करून, मागचं बटन काढून परत लावलं की सगळं नॉर्मल. हँगच्या वैतागात त्या ओळीला कोण विचारतंय.

भाचीनं क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. माझी विंडोज ज्या एसएसडीवर आहे ती अडीच इंची, साटा केबलवाली, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी चपटी डेटाची वायर. वर निळ्या अक्षरात 'गुड', हेल्थ उत्तम. खाली मात्र सी-७ नावाच्या ओळीत, 'अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट', आकडा शेकड्यात. ही ओळ डिस्कच्या तब्येतीची नाहीच. डिस्क आणि बोर्ड ह्यांच्यामधल्या वायरीत डेटा जाताना किती वेळा बिघडला ते ही मोजते. डिस्क ठणठणीत आणि हा आकडा वाढत असेल तर पहिला संशय केबलवर. लॉगमध्ये परत जाऊन ह्या वेळी लाल सोडून पिवळ्या ओळी बघितल्या, तर हँग व्हायच्या बऱ्याच आधीच्या 'स्टोरएएचसीआय' ह्या डिस्कच्या ड्रायव्हरच्या १२९ नंबरच्या वॉर्निंग सापडल्या, डिस्क उत्तर देत नाही म्हणून तिला रिसेट पाठवला अशा. ज्या वेळी डिस्क थोडक्यात परत आली त्या वेळीच तेवढ्या लिहिल्या गेलेल्या.

कॅबिनेट आडवं करून उघडलं. माझा बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे सगळा मिळून २४.४ सेंटीमीटरचा चौकोन, आणि हे तीन पंख्यांचं धूड त्याच्या कडेच्याही पुढं गेलेलं. स्वस्तातल्या बोर्डावर साटाचे पोर्ट कडेला आडवे नसतात, सरळ वर तोंड करून उभे असतात, ते पण नेमके जिथं लांब कार्डाचं शेपूट येतं त्याच्या खाली. जुनं कार्ड आखूड होतं, त्याला हे पोर्ट कधी दिसले पण नसतील. नव्या कार्डाच्या पंख्याची कड केबलच्या प्लगवर टेकली होती. केबल प्लगच्या बुडातनं काटकोनात वाकून चपटी झालेली, आणि प्लग एका बाजूनं नखाएवढा वर उचललेला. कार्डाचं शेपूट बोटानं हलकं दाबलं की प्लग डोलायचा. वरनं, कॅबिनेट उभं असताना, ह्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, कार्डच सगळं झाकून बसतं.

साटाच्या त्या प्लगमध्ये ७ पट्ट्या असतात, ४ डेटाच्या आणि ३ ग्राउंडच्या, आणि दोन्ही बाजूंनी धरणारं प्लास्टिक म्हणजे नुसतं नाव. २००३ साली साटा आलं तेव्हा कॅबिनेटच्या आत एकदा लावायची आणि विसरायची वस्तू म्हणूनच बनवलेलं ते. पुढं पकडीची स्टीलची क्लिप आली, माझी केबल पहिल्या मशीनमधली, बिनक्लिपची. पंख्यांची थरथर, गरम झालं की कार्ड थोडं खाली लवतं, टेबलाला कुणाचा गुडघा लागतो, एवढं पुरेसं होतं. म्हणून तर हँगला वेळकाळ नव्हता.

राजारामपुरीतनंच काटकोनी तोंडाची, क्लिपवाली केबल आणली, शंभर-दीडशेची वस्तू. घेताना तोंड कुठल्या बाजूला वळतंय ते बघून घ्या, उलट्या बाजूचं आणलं तर शेजारचा पोर्ट झाकला जातो. केबल लावली, वर कार्डाखाली बोटभर हवा राहते का बघितलं, आणि कार्डाच्या शेपटाला खालनं एक टेकू दिला. दुकानदारानं विचारलं एसएमपीएसचं काय ठरलं, त्याला म्हटलं, लेबल वाचलं.

असं उलटं बोट दाखवायचं प्रकरण मोठमोठ्यांच्या बाबतीत पण झालंय. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या जनरेशनचे भारी प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले तेव्हा गेम उघडताना मेसेज यायचा 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. आता असा मेसेज बघून कुणाचा हात प्रोसेसरकडं जाईल? २०२४ च्या एप्रिलमध्ये शेवटी एनव्हिडियालाच सांगावं लागलं की बाबांनो इंटेलकडं विचारा, आणि ऑगस्टमध्ये इंटेलनं मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून दिला, वर वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. तोपर्यंत पाटीवर नाव ग्राफिक्सचं.

सी-७ चा आकडा कमी होत नसतो, ती आयुष्यभराची मोजणी असते, त्यामुळं तो शेकड्यातला आकडा तसाच दिसत राहणार. बघायचं एवढंच की वाढतोय का. केबल बदलल्यापासून एकानं पण वाढलेला नाही. मॅचच्या हायलाइट्स जेवायच्या आत जातात, लग्नांचं पेंडिंग पण संपत आलंय. भाचीचा गेम माझ्या कामापेक्षा जास्त वेळ चालतो, पण त्यावर आता मला काही बोलता येत नाही.

राहिला यूपीएस. तो ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटचा, आणि मित्राच्या मीटरवरचे पावणेतीनशे त्यात स्क्रीन धरला तर काठावरच. रेंडर चालू असताना लाईट गेली की सेव्ह करायला पण धड वेळ मिळत नाही. त्याचं दिवाळीनंतर बघू.